कल्ल्याची गोळी

२ नोव्हेंबर, रविवार

किळस आली आज. अभिनवच्या चीज लागलेल्या बोटांची नाही — तीही आली, नकाशावर पिवळे ठसे उमटवून ठेवलेत त्यानं — पण त्याच्या मुकुटाची जास्त.

शुभंकरनं नवी मोहीम जाहीर केली. समुद्राच्या तळाशी बुडालेलं शहर. शुभंकर आमचा डीएम, म्हणजे गोष्ट तो चालवतो, राक्षस त्याचे, आता समुद्रही त्याचाच. आम्ही तिघं आपापलं पात्र घेऊन त्यात शिरतो. अभिनवचा जादूगार, फरहतची तिरंदाज आणि माझी तांबडी. लाल केसांची शिपाई, अंगभर लोखंडी चिलखत. दीड वर्ष जिवंत ठेवलंय मी तिला. टेबलावर मला पूर्णिमा कोणी म्हणतच नाही, तांबडी म्हणतात.

शुभंकर म्हणाला, प्रत्येकाला दोनशे रुपेरी नाणी. त्यात काय ती पाण्याखालची तयारी करा. उरलेली जप्त. आणि या मोहिमेत जो बुडेल तो बुडेल, मंत्र मारून उठवणं नाही. त्याची खुर्ची वल्लरीला. वल्लरी शुभंकरच्या ऑफिसातली. दिवाळीच्या आधीपासून सोफ्यावर बसून नुसती बघते, मांडीवर स्वतःचे नवेकोरे फासे घेऊन. वाईट मुलगी नाही. पण मला तिच्याकडे बघवत नाही.

मग अभिनव अगदी सहज म्हणाला, "माझ्याकडे मोत्यांचा मुकुट आहे ना. घातला की पाण्यात श्वास घेता येतो. त्या गुहेत मिळाला होता, आठवतं?"

नाही आठवत. गुहेत मी होते. वटवाघळं होती आणि एक गंजलेली किल्ली.

शुभंकरनं खाली मान घालून "हं" केलं. फरहतनं वेफर्सची पिशवी पुढ्यात ओढली. एरंडवण्यातला तो फ्लॅट अभिनवच्या मावशीचा, पिझ्झा अभिनवचा, मग मुकुटही अभिनवचाच. मी काही बोलले नाही. विश्रांतवाडी येईपर्यंत बसमध्ये बोलत होते — मनात.

३ नोव्हेंबर

दिवसभर विम्याचे दावे तपासले. एका गृहस्थांनी तोच फ्रिज दुसऱ्यांदा पुरात बुडवलाय. नामंजूर. असा दावा आला की मला हात धुवावेसे वाटतात. धुतले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत नियमांची झेरॉक्स काढून बसले. फरहतच्या अब्बांनी त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात शिवून दिलेली आहे, पान निखळत नाही.

पहिला घोटाळा चिलखताचा. लोखंड घालून पाण्यात उतरलं की पोहता येत नाही, सरळ तळाला. विकलं तर निम्मी किंमत. विकलं. मला खरोखर वाईट वाटलं, किती बावळटपणा!

तलवारही नको. पाण्यात फिरवली तर अर्धाच मार लागतो. भाला खुपसता येतो, त्याचा पूर्ण मार. हाडाच्या टोकाचा भाला घेतला, लोखंडी परवडत नाही. दोर घेतला. बोलता येणार नाही तेव्हा दोराला हिसका देऊन खुणा करायच्या. खाली जायला कमरेला दगड, सुरगाठीनं बांधलेला, म्हणजे एका झटक्यात सुटेल.

उजेड? पाण्यात मशाल कशी जळणार! काचेचा जादूचा दिवा घ्यावा तर निम्मी नाणी गेली. स्वस्तात आहे तो चमकणाऱ्या माशाचा चिकट स्राव, कपाळाला फासायचा. शी.

आणि श्वास. श्वासाचा काढा आहे, पूर्ण दोनशेचा, अंगठी त्याच्याही पुढची. यादीच्या तळाला एकच गोष्ट मला परवडते, कल्ल्याची गोळी. सडक्या माशाचे कल्ले वाटून वळलेली. गालात धरून ठेवायची, तोवर श्वास मिळतो. मात्र चव अशी की थोड्या थोड्या वेळानं फासा टाकावा लागतो. वीस तोंडांचा फासा, दहा किंवा वर पडले तर गोळी तोंडात टिकली. खाली पडले तर ओकारी, गोळी बाहेर, माणूस संपला. फासा डीएमनं पुठ्ठ्याच्या पडद्यामागे टाकायचा, कारण ओकारी कधी येणार हे कोणाला आधी कळत नसतं.

स्वस्त ते सगळं घाणच असायला हवं का? खेळातसुद्धा?

६ नोव्हेंबर, गुरुवार

आईनं मंडईतून शिंगाडे आणले. आमच्या भंडाऱ्याकडच्या तळ्यातल्यांची सर नाही म्हणाली, तरी सोलून अर्धे तिनंच संपवले. लहानपणी ती दोन पालथ्या घागरींवर फळी बांधून, त्यावर पोटावर पडून तळ्यातून शिंगाडे तोडायची. म्हणून म्हटलं हिला विचारावं. पाण्याखाली जायचं झालं तर काय करायचं?

"काऊन वं? पाण्याखाली कायले जाऊन राहिली तू?"

मी नाही, तांबडी. मग तांबडी कोण ते सांगावं लागलं. मग फासे. मग दोनशे नाणी. आई शिंगाडा सोलता सोलता ऐकत होती.

"आमी डोस्कं वरच ठेवत होतो," ती म्हणाली. "खाली जो गेला तो गेला. जळवा लागत, तेवढं खरं. मांडीले लागली तर समजते तरी. दुसरीकडं लागली तर—"

पुढचं मी ऐकलं नाही. बाबा हसत होते. हरलीस तर पगार कापतात का, त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा सगळा रस गेला.

त्यांना कसं सांगू. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली मी. तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद मीच वाचते. वीजबिल, रेशन, बाबांच्या गोदामातली नोटीस, घरमालकाचा करार. एक ओळ चुकीची वाचली की सगळ्यांना निस्तरावी लागते. चौथीपासून माझ्या पोटात हा गोळा आहे. त्या टेबलावर तो नसतो. तिथे मी चुकले तर फक्त तांबडी मरते. तिथे कोणी गाव विचारत नाही, बाप काय करतो विचारत नाही. नियम छापलेले आहेत आणि सगळ्यांना एकच. वाचेल तो टिकेल. मी वाचते, म्हणून टिकले आहे.

म्हणूनच तो मुकुट डोळ्यांत खुपतो. आणि म्हणूनच ती खुर्ची जायला नको.

८ नोव्हेंबर

उद्या. सामानाची बेरीज पुन्हा केली. बरोबर आहे. पुन्हा केली.

९ नोव्हेंबर, रविवार

टिकली! तांबडी टिकली!

पण सगळं नीट लिहिते.

आम्ही उतरलो. मी दगड कमरेला बांधून गेले. फरहतनं श्वासाचा काढा घेतला होता, त्यात तिची सगळी नाणी संपली, उजेडाला काही नाही. म्हणून ती माझ्या कपाळाच्या उजेडात, माझ्याच दोराला धरून. अभिनव मुकुट घालून पुढे, कोणाच्या वरातीत चालल्यासारखा.

शुभंकर गोळीची चव सांगायला लागला. उन्हात तीन दिवस पडलेल्या बांगड्याचं पोट, त्यात गंजलेलं पाणी, आणि मधूनच काहीतरी जिभेवर हलल्यासारखं. मला खरंच आवंढा गिळवेना. पडद्यामागे फासा खडखडला. शुभंकर म्हणाला, "गिळला आवंढा. टिकली." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पिझ्झा मात्र पुढे खाल्ला गेला नाही.

दुसऱ्या गल्लीत वामी आल्या. सापासारख्या मासळ्या, माणसाएवढ्या. मी भाला धरला. अभिनवनं हात वर केले, म्हणाला वीज पाडतो.

मी म्हटलं, मंत्र मोठ्यानं म्हणावा लागतो. नियमात आहे. पाण्याखाली तोंडातून बुडबुडे येतील, मंत्र नाही. श्वासाची सोय सगळ्यांनी केली, बोलण्याची कोणीच नाही.

"मुकुटात हवा असते," अभिनव म्हणाला. "हवेत बोलता येतं."

"मुकुट डोक्यावर घालतात. तोंडावर नाही."

फरहतला हसू आवरेना. शुभंकर पानं चाळल्यासारखं करत होता. शेवटी म्हणाला, या वेळी चालवून घेऊ.

"घ्या," अभिनव म्हणाला. "पूर्णिमा मॅडम, इथे क्लेम पास करायचा नाहीये. खेळायचंय."

मी म्हणाले. म्हणूनच टाकलं. "ही लबाडी आहे. गुहेत मुकुट नव्हता. सगळ्यांना माहितीय."

सोफ्यावर वल्लरीनं फासे मुठीत घट्ट धरले. अभिनवचा चेहरा — मला वाटलं होतं चिडेल. तो शुभंकरकडे बघत होता. शुभंकर नकाशाकडे.

मग शुभंकरनं माझ्यासाठी पुन्हा फासा टाकला. "टिकली," म्हणाला. वर न बघता.

मी खरं बोलले. पान दाखवून बोलले. तरी परत येताना असं का वाटत होतं की मीच काहीतरी सांडून आलेय?

१० नोव्हेंबर

ग्रुपवर कोणाचाही मेसेज नाही. एरवी रविवारनंतर अभिनव फोटो टाकतो.

लबाडाला लबाड म्हटलं की माणसं म्हणणाऱ्यालाच टाळतात. टाळोत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फरहतनं बोलावलं होतं. ऑफिस सुटल्यावर गेले. तिला तिच्या अम्मीसाठी मंडईतून लिंबं घ्यायची होती. एकेक लिंबू दाबून बघत होती. मग चहाला थांबलो.

"रविवारी तू लबाडी म्हणालीस," ती म्हणाली. "ते म्हणायला नको होतंस."

मी विचारलं, का, खोटं होतं?

"खोटं नव्हतं. पण मी शुभंकरच्या शेजारी बसते, पूर्णिमा. पडद्याची आतली बाजू मला दिसते."

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, मग?

"मग तुझा फासा पण दिसतो. रविवारी पहिल्या वेळी चार पडले होते. दुसऱ्या वेळी सात."

चहाचा कप हातात होता. त्याच्यावरची साय बघत राहिले. साय मला कधीच आवडत नाही.

तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं, दात काढून टाकावा तसं. रविवारी तांबडी पहिल्याच गल्लीत बुडाली होती. त्याआधी पुलावरून पडली होती, तेव्हाही शुभंकरनं मागे ओढलं. मी विचारलं, आणि वाळवंटातला विंचू? त्या विंचवाबद्दल मी अजून सगळ्यांना सांगत असते. फरहत म्हणाली, "विंचू जाऊ दे गं."

"तुझ्या नावाचा फासाच असा पडतो बाई," ती म्हणाली. "अब्बांच्या दुकानातल्या मांजरीनं फासा ढकलला तरी जास्त पडतील."

मी हसले नाही. विचारलं, अभिनवला माहितीय?

"त्यानंच सांगितलं होतं शुभंकरला. गेल्या वर्षी. म्हणाला, तिला मारू नकोस, ती आठवडाभर रविवारची वाट बघत असते. मुकुट त्यानंतरचा. त्याला वाटलं, चालतंय तर चालतंय. तू सोडून सगळ्यांना माहिती होतं."

तू सोडून सगळ्यांना.

लिंबांची पिशवी तिनं माझ्याकडे दिली आणि चहाचे पैसे द्यायला गेली. मी ती धरून उभी राहिले. स्वारगेटला जाणाऱ्या बस एकामागून एक भरून चालल्या होत्या. त्यातल्या प्रत्येक माणसाला माहीत असावं असं वाटत होतं.

१३ नोव्हेंबर

दिवसभर मळमळलं. ओकले नाही. इतकी साधी गोष्टही आपली आपण करता येत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अभिनवची किळस येत होती तेव्हा बरं होतं. ती बाहेर होती. हात धुता येत होते.

दीड वर्ष मी त्या टेबलावर नियम वाचून दाखवले. पान उघडून, बोट ठेवून. आणि ते चौघं, म्हणजे अलीकडे वल्लरीसुद्धा, ऐकत होते. मान डोलावत होते. लग्नात लहान मूल भटजींच्या शेजारी बसून मंत्र म्हणायला लागलं की सगळे कसे हौसेनं ऐकतात, तसे.

मला दया नको होती. मला खुर्ची हवी होती. आता कळतंय की मी दयेवरच बसले होते, आणि वर पाठ ताठ ठेवून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शुभंकरला फोन केला. आधी काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

तो घाबरला होता, आवाजावरून कळलं. म्हणाला, तांबडी गोष्टीत हवी होती गं. तू नसलीस की बाकी दोघं नुसते मारत सुटतात, कोणी दार ठोठावून विचारत नाही की आत कोणी आहे का. ते खरं आहे. दार मीच ठोठावते.

"मला विचारलं होतंस का?" मी म्हणाले.

"विचारून वाचवतात का कोणाला?"

फोन मी दुसऱ्या कानाला लावला.

मी म्हटलं, उद्या माझा फासा टेबलाच्या मध्ये टाकायचा. पडद्यामागे नाही. आणि मी टाकणार. तो म्हणाला, आणि पडलीस तर? मी म्हटलं, तर खुर्चीवरून उठेन.

मग त्यानं विचारलं, "अभिनवचा मुकुटही काढून घेऊ?"

गेल्या रविवारी मी ओरडले असते, हो. आज म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्याचं काढून घ्या म्हणायला मला तोंड राहिलं नव्हतं.

पोटात गोळा आहे. टेबलामुळे पहिल्यांदाच.

१६ नोव्हेंबर, रविवार

टेबलावरचं सगळं सामान बाजूला करून मध्ये जागा केली होती. पिझ्झा नव्हता. अभिनवनं चिवडा आणला होता, चमच्यानं खात होता.

पहिला फासा. हात इतका ओला की फासा निसटलाच. चौदा.

चौदा! फरहतनं माझ्या पाठीत धपाटा घातला. ते चौदा माझे होते. कोणी दिले नव्हते. आम्ही वामींच्या गल्लीतून पुढे गेलो. एक चौक आला, तिथे दगडी माणसं बाजाराला बसल्यासारखी बसली होती. मी त्यांच्याकडे भाला न रोखता दोराला दोन हिसके दिले, थांबा. त्यातली एक बाई खरंच जिवंत निघाली आणि तिनं राजवाड्याची वाट दाखवली. शुभंकरचा आवाज असा होता की तळाचं गार पाणी अंगाला लागत होतं. दुसरा फासा अकरा. चव तशीच घाण होती. पण आता ती माझ्या तोंडात होती. दीड वर्षात इतकी मजा मला कधी आली नव्हती.

राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिसरा फासा. सहा.

अभिनव म्हणाला, "टेबलाला धक्का लागला. परत टाक."

धक्का लागला नव्हता.

"हो, माझं कोपर लागलं," फरहत म्हणाली. तिची दोन्ही कोपरं खुर्चीच्या हातांवर होती.

वल्लरी सोफ्यावरून म्हणाली, तिनंही पाहिलं. ज्या मुलीला माझी खुर्ची मिळणार होती, ती!

मला रडू येत होतं की किळस, ते कळेना. मी म्हटलं, "सहाच."

शुभंकरनं फार लांबवलं नाही. तांबडीनं कमरेची सुरगाठ ओढली, दगड सुटला, म्हणाला, तिचे हात वरच्या उजेडाकडे गेले. मग फक्त तिचे केस पाण्यात पसरलेले दिसले. दोराचं टोक फरहतच्या हातात राहिलं. कोणाला ओकारी येईल असं एक वाक्यही तो बोलला नाही.

मी उठले. वल्लरी बसेना. म्हणाली, पुढच्या रविवारी बसते. मी खुर्ची मागे ओढून धरली, तेव्हा बसली. अगदी कडेवर.

चपला घालत होते तर शुभंकर दारापर्यंत आला. म्हणाला, कुठे निघालीस? पुढच्या वेळी पडद्यामागे बस माझ्याबरोबर. राक्षसांचे फासे तू टाक. गोष्ट सांगू की फासे टाकू, माझी तारांबळ होते. आणि नियम तुला पाठ आहेत.

मी म्हटलं, बसेन. पण तिथे मी असताना जो आकडा पडेल तोच सांगणार. मुकुट असो नाहीतर आणखी काही.

"म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला.

१७ नोव्हेंबर

"मेली का तुही बाई?" आईनं विचारलं.

हो म्हटलं.

"मंग ये. पोळ्या लाट."

२०  नोव्हेंबर, गुरुवार

अभिनवनं मुकुट परत केला. ग्रुपवर लिहिलं, गुहेत काही नव्हतं, मला आठवलं. खाली त्यानं डोक्यावर भगुलं घातलेला स्वतःचा फोटो टाकला. मी बराच वेळ काय उत्तर द्यावं याचा विचार केला आणि लिहिलं, श्वासाचा काढा घे, गोळी घेऊ नकोस.

आता सगळे एका नियमात. पडद्यामागे मी. याचसाठी भांडले होते ना? मग झोप लागायला हरकत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

वल्लरीची पहिली खेळी. तिच्या पात्राचं नाव तिनं आजीचं ठेवलंय. पायऱ्यांवर महाखेकड्यानं तिला गाठलं. मी पडद्यामागे फासा टाकला. वीस. वीस म्हणजे नांगीत धड सापडतं, तिथेच संपतं. शुभंकरनं आकडा पाहिला आणि माझ्याकडे बघत थांबला. वल्लरी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसली होती.

मी म्हणाले, "तीन. चुकला."